गौलीगुड्यातला एक्सल

हैदराबादच्या गौलीगुड्यात माझी बहीण दिली आहे. आपल्याला गोव्यात वाटतं, घाट चढला की बेळगाव आणि तिथेच मराठी संपलं! पण जवळच्या जांबागेतली विवेकवर्धिनी शाळा १९०७ची आहे. असो.

भाच्याकडे रिमोटवर चालणारी गाडी आहे. 'खेळणं' म्हटलेलं त्याला खपत नाही. खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची, दगड चढणारी क्रॉलर. तिचा पुढचा एक्सल बदलायचा होता. इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडल्यापासून बापलेकांचं बोलणं जेवणापुरतं, म्हणून मदतीला मामा.

या गाड्यांत डिफरन्शिअल लॉक केलेलं असतं, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. स्टिअरिंग पूर्ण वळलेलं, एक चाक दगडात अडकलेलं आणि वरून थ्रॉटल दाबला की शाफ्टचा सांधा तुटतो. त्याचाही तसाच तुटलेला. आता पोलादी शाफ्ट, नवे बेअरिंग आणि चाकाशेजारचे नकल प्लास्टिकऐवजी पितळेचे. पितळ जड, पण वजन खाली बसतं, चढावर गाडी मागे उलटत नाही. धातूत जाणाऱ्या स्क्रूला थ्रेडलॉकचा एक थेंब, प्लास्टिकला मात्र अजिबात नाही, तडे जातात.

भावोजी पेपराआडून बघत होते. ते आर्टीसीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांची सिटी बस इथल्या हँगरखालून सुटायची. हँगर म्हणजे खराच विमानाचा! १९३०मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपीहून पोलादी भाग आणून निजामाच्या विमानांसाठी उभा केलेला. १९३२पासून त्यात बसगाड्या आल्या, तेव्हा निजामाच्या रस्तेवाहतुकीकडे सगळ्या मिळून २७. विमानांसाठीचं छप्पर इतकी वर्षं बसवाल्यांनी वापरलं, आणि ५ जुलै २०१८ला ते कोसळलं. आधीच रिकामं केलेलं म्हणून माणसं वाचली. भावोजी त्यानंतर त्या रस्त्याने जात नाहीत. विचारलं तर "तिकडे काय काम?" म्हणतात.

भाच्याने शेवटी सर्व्होचा हॉर्न, म्हणजे स्टिअरिंग ओढणारा छोटा हात, तोही धातूचा काढला. तेव्हा पेपर खाली आला.

"तो नक्को."

"का, बाबा?"

"सगळंच लोखंड केलंस तर धक्का कुठे जाणार? मोटरच्या गिअरात. एक स्वस्त वस्तू मोडायला ठेवावी."

मला हे पटलं. भाच्याला पटलं की नाही कोण जाणे, पण त्याने प्लास्टिकचाच हॉर्न बसवला आणि रिमोट बापाकडे दिला. जिन्याच्या तीन पायऱ्या गाडी आरामात चढली. चौथीला चाक कोपऱ्यात अडकलं, टक्क झालं. हॉर्नचे दात गेले होते. एक्सलला ओरखडासुद्धा नाही.

"कितीला येतो हा?" भावोजींनी विचारलं. मग दोघं दुसरा हॉर्न शोधत मोबाइलवर वाकून बसले, जेवायला हाक मारली तरी उठेनात.