गीझरलाही हवा लागते



दिवाळी झाली की आपल्या चांदवडला डोंगरावरून गार वारं सुटतं आणि घरोघरी न्हाणीघराच्या खिडक्या घट्ट लागतात. यंदा आम्ही सासूबाईंसाठी खालीच नवं न्हाणीघर बांधलं. वय 78, जिना चढवत नाही, गार पाणी सोसत नाही. पहाटे लाइटचा भरवसा नाही, म्हणून गॅसचा गीझर घेतला.

प्लंबर म्हणाला, "भाभी, आतच लावतो, पाईप कमी लागेल." मी नको म्हटलं. त्याचं कारण साधा हिशोब आहे.

आमचं न्हाणीघर 4 बाय 6 फूट, उंची 8 फूट. आत हवा जेमतेम साडेपाच घनमीटर. एक किलो गॅस नीट जळायला साधारण 12 घनमीटर हवा लागते. मिनिटाला 6 लिटर पाणी देणारा गीझर मोठ्या आचेवर तासाला किलोभर गॅस जाळतो. म्हणजे दहा मिनिटांच्या अंघोळीत खोलीतली तिसरा हिस्सा हवा त्यालाच लागते. बाहेरून नवी हवा आली नाही तर गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळल्यावर येणारा वास कंपनीने मुद्दाम घातलेला असतो, तो या विषारी वायूला नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं आणि कडी काढायचंही त्राण राहत नाही. 2023 च्या होळीनंतर मुंबईत घाटकोपरला एक जोडपं न्हाणीघरात मृत सापडलं, तेव्हाही संशय गॅस गीझरवरच होता.

आपल्याला हे नवं वाटायला नको. वाउकायाशिवाय तेउकाय जळत नाही, हे भगवतीसूत्रात आहेच.

माझी नणंद न्यू जर्सीला असते. तिच्या तळघरात घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी आहे. तिला दोन पांढरे पाईप जोडलेत. एकातून बाहेरची हवा भट्टीत येते, दुसऱ्यातून जळका वायू बाहेर जातो. घरातल्या हवेला भट्टी हातच लावत नाही. बर्फ पडला की नणंद आधी त्या पाईपांची तोंडं मोकळी करते.

आपल्याकडे एवढं कशाला? आम्ही गीझर मागच्या उघड्या चौकात, खिडकीपासून लांब लावला. वर पत्रा, तीन बाजू मोकळ्या. आत येतो तो फक्त गरम पाण्याचा पाईप, आणि त्याच्या भोवतीची फट सिमेंटने बुजवली.

सासूबाईंची शंका वेगळीच होती. "सूनबाई, उघड्यावर ज्योत, त्यात पाखरं पडली तर?" प्रश्न रास्त होता. हा गीझर नळ सोडला तरच पेटतो आणि ज्योत डब्याच्या आत असते. तरी पेटवण्याआधी मी खालून पूंजणी फिरवते.

ज्यांना फ्लॅटमध्ये बाहेर जागाच नाही, त्यांनी निदान एवढं करावं. गीझरचा धूर पाईपाने थेट बाहेर सोडावा. दाराला खाली एक आणि भिंतीला वर एक झरोका ठेवावा. खालून हवा येते, वरून गरम वायू जातो. नुसता एक्झॉस्ट फॅन पुरत नाही. आत हवा यायला वाट नसेल तर तो धुराच्या पाईपातला वायूच उलटा खोलीत ओढतो. झरोक्याला मच्छरदाणीची बारीक जाळी नको, ती धुळीने महिन्यात बुजते. थोडी मोठ्या भोकांची लावा आणि दर आठवड्याला झटका. आधी बादली भरून, गीझर बंद करून मग अंघोळीला बसलं तर सगळ्यांत बरं. पाणीही मोजकंच लागतं.

आणि थंडीच्या आधी धुराच्या पाईपात डोकावून पाहा. कबुतरं तिथे काड्या आणतात. नुसत्या काड्या असतील तर काढून तोंडाला जाळी बसवा. अंडी दिसली तर पिल्लं उडेपर्यंत गीझर बंद ठेवा, पाणी चुलीवर किंवा शेगडीवर तापवा. महिना-दीड महिन्याची गैरसोय आहे, पण यतना म्हणजे तरी दुसरं काय?

तुमच्याकडे गीझर कुठे लावलाय, आजच जाऊन बघा.