कशावरून?

साक्षर कोणाला म्हणायचं? आमच्या आजीच्या काळी याचं उत्तर सोपं होतं. जो अंगठा न उठवता सही करतो तो साक्षर. आजी सही करायला शिकली आणि त्याचा अभिमान तिला आजही आहे. गंमत अशी, की आता रेशन दुकानात तिला परत अंगठाच लावावा लागतो. २०१० साली देशातला पहिला आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला, आणि त्यानंतर अंगठा पुन्हा कामाला लागला. म्हणजे साक्षरतेची व्याख्याच आता नव्यानं करायला हवी.

आम्हा बेळगावकरांची अडचण तर दुहेरी. आमच्या गल्लीतल्या बहुतेक बायका मराठी शाळेत शिकलेल्या आणि सरकारी कागद येतो कन्नडमध्ये. गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २००० रुपये जमा झाले का, कुठला कागद द्यायचा राहिला, हे विचारायला कुणीतरी संध्याकाळी फोन घेऊन दारात उभं असायचं. "बाळ, एवढं वाचून सांग की."

आता एआयमुळे हे पुष्कळ सोपं झालंय. कागदाचा फोटो काढला की क्षणात मराठी मजकूर समोर येतो. ज्या बाईला आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागलं, तिला स्वतःचा कागद स्वतः वाचता येतो. ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

पण मध्यंतरी शेजारच्या काकूंनी एका नोटिशीचा असाच फोटो काढला. ॲपनं शेवटची तारीख ९ सांगितली. समोरच्या घरातल्या कन्नड बाईंनी कागद हातात घेतला आणि म्हणाल्या, "नऊ नाही हो, सहा." कन्नड लिपीतले सहा आणि नऊ हे आकडे दिसायला फार जवळचे. काकू चकित झाल्या. "एवढं शुद्ध मराठी बोलतंय, आणि चुकीचं सांगतंय व्हय?"

खरी मेख इथंच आहे. जो स्वच्छ बोलतो त्याला माहीत असणार, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. माणूस थाप मारताना निदान अडखळतो. हे यंत्र अफाट मजकुरावरून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधतं. त्यामुळे चुकतानाही त्याची भाषा तितकीच ठाम असते. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. इतक्या थोड्या वर्षांत ही समजूत बदलणार कशी? ती कुणीतरी शिकवावीच लागते.

म्हणून आम्ही चार मैत्रिणी गल्लीतल्या बचत गटाच्या बैठकीत अर्धा तास मागून घेतो. शिकवतो ते थोडंच. तारीख, रक्कम आणि नाव मूळ कागदाशी ताडून बघायचं. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० वर फोन करायचा. आणि मुलाच्या आवाजात "आई, अडचणीत आहे, पैसे पाठव" असा फोन आला, तर आधी फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या नंबरवर आपण लावायचा, कारण आवाजाची नक्कल आता यंत्रही करतं. घरात एक खुणेचा शब्दही ठरवून ठेवा, असं मी सांगितलं. एक मावशी लगेच म्हणाल्या, "कुंदा!" सगळ्या हसल्या. "अगं, बेळगावात सगळ्यांना तोच सुचणार की!"

बटणं कुठली दाबायची हे नातवंडं दोन दिवसांत शिकवतात. शंका घ्यायला शिकवायला मात्र वेळ लागतो. आपल्या भाषेत त्यासाठी एक नेमका शब्द आहे, 'कशावरून?' तो आम्ही प्रत्येक बैठकीत मोठ्यानं म्हणून घेतो.

परवा मी काकूंना एका अर्जाचे नियम सांगत होते. त्यांनी चष्मा वर केला आणि मलाच विचारलं, "कशावरून?" मी मुकाट्यानं अर्ज उघडून त्यांच्यापुढे धरला. शिकवण्याचं इतकं समाधान मला आधी कधी मिळालं नव्हतं.