पूल पडला, बिल कोणाच्या नावावर?

 

नवा पूल खचला किंवा तडकला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एक वाक्य ठरलेलं असतं: 'दुरुस्ती ठेकेदाराच्याच खर्चाने करून घेऊ.' वाचून आपल्यालाही बरं वाटतं. चला, आपल्या खिशातून तर जात नाही! मी या एका वाक्याच्या मागे बरेच दिवस लागलो आहे, कारण माझ्या मामांच्या गावात ते वाक्य कोणी उच्चारलंसुद्धा नाही.

गाव पांझराकाठचं. नाव देत नाही, तिथे मामांना रोज राहायचं आहे. नाल्यावर नवा पूल झाला, नारळ फुटला, फोटो झाले. दुसऱ्याच पावसाळ्यात एका बाजूचा भराव वाहून गेला आणि पूल मधोमध टेबलासारखा उभा राहिला. मामा फोनवर म्हणाले, "पूल शे भो, पन वाट नही." दुधाची गाडी गावात यायची बंद झाली. मामा आणि शेजारचे दोघे कॅन मोटारसायकलला बांधून फेऱ्याने डांबरी रस्त्यापर्यंत न्यायचे. कापूस वेचणीला येणाऱ्या बाया पलीकडच्या गावच्या, त्या येईनात. पोरं चिखलातून उतरून शाळेत जायची, नाल्याला पाणी असलं की घरीच.

संबंधित कार्यालयात गेलो तर उत्तर मिळालं, "पूल शाबूत आहे. भराव पुराने गेला. तो दोष नाही, आपत्ती आहे." आणि पुढच्या वर्षी दुरुस्ती झाली ती पूरहानीच्या पैशातून. म्हणजे तुमच्या-माझ्या. तोपर्यंत दोष दायित्व कालावधी संपलेला नव्हता, हे कामाच्या फलकावरच लिहिलेलं होतं. नकाशात भरावाला दोन्ही बाजूंनी दगडी पिचिंग दाखवलेलं. जागेवर ते एकाच बाजूला होतं, आणि वाहून गेली ती दुसरी बाजू. हे मोजायला कोणी आलं नाही. 'पूरहानी' हा एक शब्द फाइलवर पडला आणि ठेकेदार मोकळा.

आता मोठ्या पुलांकडे बघू. बुटीबोरीचा उड्डाणपूल, नागपूर-वर्धा रस्त्यावरचा, २०२१ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये तडकल्याने बंद करावा लागला. चिपळूणला मुंबई-गोवा महामार्गाचा उड्डाणपूल तर सुरूच झाला नव्हता, १६ ऑक्टोबर २०२३ ला काम चालू असतानाच त्याचा भाग कोसळला. बिहारमध्ये गंगेवरचा अगुवानी-सुलतानगंज पूल २०२२, २०२३ आणि २०२४ असा तीनदा पडला. १७१० कोटींचा प्रकल्प, आणि ठेकेदाराने स्वखर्चाने पुन्हा बांधायचं ठरलं. ऐकायला छान. पण पलीकडच्या तीरावर जाणाऱ्या माणसाची गेलेली वर्षं कोणत्या बिलात धरायची?

मला सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण केरळचं वाटतं. कोचीचा पालारिवट्टम उड्डाणपूल ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झाला आणि मे २०१९ मध्ये बंद. तीन वर्षंसुद्धा नाही. दुरुस्ती पुरेल की वरचा भाग पाडून नव्याने बांधायचा, यावर वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शेवटी ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली दिल्ली मेट्रोने तो पुन्हा बांधला आणि मार्च २०२१ मध्ये वाहतूक सुरू झाली. सरकारने ठेकेदार कंपनीकडे २४.५२ कोटींची भरपाई मागितली. आणि त्या खात्याच्या माजी मंत्र्यालाही अटक झाली. दोषी कोण ते कोर्ट ठरवेल. पण तिथे निदान आकडा काढला गेला आणि सही करणाऱ्यांपर्यंत चौकशी पोचली. आपल्याकडे 'काळ्या यादीत टाकलं' म्हटलं की विषय संपतो.

सगळं ठेकेदाराच्या माथी मारा, असं माझं म्हणणं नाही. त्यांचीही बाजू आहे. केलेल्या कामाची बिलं सरकारकडे थकली म्हणून २०२५ मध्ये राज्यभरातल्या ठेकेदारांनी आंदोलनं केली. एका हाताने बिल अडवायचं आणि दुसऱ्या हाताने दर्जा मागायचा, हे कसं जमणार? शिवाय पूर खरोखरच नकाशात धरलेल्या पातळीच्या वर गेला, तर तो खर्च सरकारनेच करायला हवा. ऑगस्ट २०१९ मध्ये पांझरेने धुळ्यात काय केलं ते आपण पाहिलं आहे. प्रश्न इतकाच की पाणी त्या पातळीच्या वर गेलं होतं की नाही, हे कोणी लिहून ठेवतं का? मामांच्या नाल्यावर तर नाही ठेवलं.

माझ्या मते काम खराब असेल तर ठेकेदाराने भरावं, आराखडा चुकला असेल तर सल्लागाराने. सल्लागाराला आपण फी देतो, पण पूल पडला की त्याचं नाव बातमीत क्वचितच येतं. आणि जागेवर पिचिंग नसताना 'काम पूर्ण' असा दाखला ज्याने दिला, त्याच्या पगारातून, पेन्शनमधून काहीतरी कापलं गेलंच पाहिजे. पूर्ण रक्कम वसूल होणार नाही, मला कळतं. पण शाखा अभियंत्याला सही करताना एकदा तरी नाल्यात उतरून बघावंसं वाटेल. आणखी एक. दोष निघाला तर गावाचं नुकसान, म्हणजे फेऱ्याचं पेट्रोल, बुडालेली मजुरी, हेही ठेवीतून कापून ग्रामपंचायतीला मिळावं. आज करारात याला जागाच नाही. खात्याचं नुकसान मोजतात, दूधवाल्याचं नाही.

आपल्याकडे येत्या काळात पुलांची कमी नाही. तापीवर भोकर-खेडीभोकरीच्या पुलाची दोन्ही काठच्या लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली, दरवर्षीच्या तात्पुरत्या पुलावरून ये-जा केली. असा पूल मिळाला की माणूस आनंदात कागद बघायला विसरतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

म्हणून एक काम सांगतो, फार कष्टाचं नाही. तुमच्या गावाजवळ गेल्या पाच-सात वर्षांत झालेला कोणताही पूल घ्या, मोरी असली तरी चालेल. कामाचा फलक अजून असेल तर फोटो काढा. त्यावर रक्कम, ठेकेदार आणि दोष दायित्वाची मुदत असायला हवी. फलक नसेल तर माहिती अधिकारात चार गोष्टी मागा: काम पूर्ण झाल्याचा दाखला, मुदत संपण्याची तारीख, सुरक्षा ठेव परत केल्याची तारीख, आणि ठेव परत करण्याआधी केलेल्या पाहणीचा अहवाल. चौथा कागद मी दोन पुलांसाठी मागितला होता. दोन्हीकडून 'अभिलेखात आढळून येत नाही' असं उत्तर आलं.

फोटो खाली कमेंटमध्ये टाका, सोबत गाव आणि तालुका लिहा. एरंडोल, पारोळा, अमळनेर, साक्री, शिंदखेडा, कुठलाही चालेल. ज्यांची मुदत या पावसाळ्यानंतर संपते आहे त्यांची यादी मी आधी करतो, कारण त्यांना अर्ज करायला दिवस कमी आहेत.