कानातले बिल्ले

पिंपरीच्या मिलिटरी डेअरी फार्ममध्ये अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकतीस वर्षं धारा काढल्या. गाईंना नावं नव्हती, कानात नंबराचे बिल्ले होते. तरी पहाटे तीनच्या अंधारात नुसत्या हंबरण्यावरून ते म्हणायचे, "चारशे बारा तटलीय." मुरघासाचा आंबूस वास आणि कॅनच्या झाकणांचा खणखणाट यांत माझं बालपण गेलं.

पुढे मी सैन्यात गेलो, तोही आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये; जवानांना रेशन, इंधन पोचवणारी ही शाखा. म्हणूनच ३१ मार्च २०२१ ला दिल्ली छावणीत मिलिटरी फार्म्सचा निरोपसमारंभ झाला, तेव्हा आमच्या घरात दोन तट पडले.

"एकशे बत्तीस वर्षांचं काम एका सहीनं संपवलं," अण्णा म्हणाले.

मी त्यांना दुखावलं असेन, पण मला जे वाटतं तेच बोललो. १८८९ मध्ये अलाहाबादला पहिला फार्म निघाला, कारण पलटणींना चांगल्या दुधाचा भरवसा नव्हता. आज पुण्यात गल्लीच्या तोंडाशी पिशवीतलं दूध मिळतं. त्यासाठी सैन्यानं देशभर वीस हजार एकर जमीन आणि हजारो जनावरं कशाला सांभाळायची? लेफ्टनंट जनरल शेकटकर यांच्या समितीचं म्हणणं हेच होतं: पाठीमागचा पसारा आवरा, माणसं लढणाऱ्या कामाला लावा. २०१७ मध्ये सरकारनं तिच्या ६५ शिफारशी स्वीकारल्या, त्यात फार्म बंद करणंही होतं. मला ते पटलं, आजही पटतं. फक्त मोकळी झालेली जमीन सैन्याच्याच हाती राहिली पाहिजे. शहरालगतची एवढी जागा एकदा गेली की कुठल्याच किमतीला परत मिळत नाही.

अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आणि लेह?"

१९९४ चा हिवाळा मी लेहला काढलाय. झोजिला बंद. मगात पावडरचं दूध, ढवळून ढवळून हात दुखला तरी गुठळी दाताखाली यायचीच. ताज्या दुधाच्या नुसत्या आठवणीनं घर आठवायचं. नव्वदच्या दशकाअखेर लेह-कारगिलला फार्म निघाले, ते अशा जवानांसाठी. जिथे महिनोन्‌महिने रस्ताच बंद, तिथे 'बाजारात मिळतं' हे उत्तर चालत नाही. पिंपरीचं माप लेहला लावता येत नाही. इथे अण्णांचंच खरं होतं, मी तसं कबूल केलं.

राहिला प्रश्न जनावरांचा. होल्स्टीन आणि साहिवालच्या संकरातून मिलिटरी फार्म्समध्ये फ्रीजवाल गाय उभी राहिली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी ठेवून केलेलं काम ते. शेवटी ही जनावरं सरकारी खात्यांना, सहकारी डेअऱ्यांना नाममात्र किमतीत दिली गेली. निरोपसमारंभाच्या बातमीतला तेवढा भाग मी अण्णांना दोनदा वाचून दाखवला.

"बिल्ले काढले का रे त्यांचे," अण्णांनी विचारलं, "का तसेच पाठवले?"