चाकणच्या वाटेवरचे हत्तीगवत

पिंपरीहून चाकणला बसने निघालात, तर नाशिक फाट्यापासून कारखान्यांची रांग काही तुमची पाठ सोडत नाही. भोसरी जाते, मोशी जाते, इंद्रायणीचा पूल ओलांडून कुरुळी मागे पडते, तेव्हा कुठे दोन शेडांच्या मधे एखादी हिरवी पट्टी दिसते. चाकणचा कांदा बाजार अजून भरतो, पण रानात माणूस मिळत नाही. कंपनीचा पगार सोडून खुरपणीला येणार कोण? म्हणून काहींनी संकरित नेपियर, म्हणजे आपले हत्तीगवत, लावले आहे. एकदा लावले की काही वर्षे कापत राहायचे. गोठ्याची सोय होते. शिवाय २०१८ साली केंद्र सरकारने दाबाखालच्या बायोगॅसची योजना आणल्यापासून गवतातून गाडीचे इंधन काढण्याची भाषाही गावोगाव ऐकू येते.

परवा चाकणच्या पुढे अशाच एका रानात गेलो. घरचे दोघे मुलगे पाळीला गेलेले. रान बघणाऱ्या ताईच. म्हणाल्या, "साहेब, कडेचं गवत डोक्याच्या वर गेलंय अन् मधलं कमरेएवढंच. युरिया टाकला, पाणी वाढवलं, काही फरक नाही."

त्या मधल्या पट्ट्यात उभे राहून मला पहिली शंका आली. पाण्याची किंवा खताची कमतरता बहुधा सरी धरून किंवा उतार धरून दिसते. इथे मात्र ठिकठिकाणी गोल ठिगळे होती. ठिगळाच्या कडेचा एक ठोंब उपटला नाही, कुदळीने सावकाश खणून काढला. उपटले की बारीक मुळे जमिनीतच राहतात, आणि बघायची असतात नेमकी तीच. बादलीत धुतल्यावर दिसले, की मुळे आखूड आणि झाडूच्या बुडख्यासारखी, त्यांवर तपकिरी चट्टे.

टोमॅटो-वांग्याच्या मुळांवरच्या गाठी तुम्ही पाहिल्या असतील. गवतावर तशा ठळक गाठी दिसतीलच असे नाही. मुळात शिरून चट्टे पाडणारे सूत्रकृमी वेगळे असतात. (भुईमुगाच्या मुळावरच्या गाठी त्याहून निराळ्या. त्या नखाने निघतात, आतून लालसर असतात आणि पिकाला नत्र देतात. त्यांना शत्रू समजू नका.) पण चट्टे बुरशीनेही पडतात, तेव्हा नुसत्या डोळ्यांनी निकाल द्यायचा नाही. हा किडा एक मिलिमीटरपेक्षाही लहान. मातीत निरुपद्रवी सूत्रकृमीही पुष्कळ असतात. पिकावर जगणाऱ्याच्या तोंडात सुई असते, आणि ती सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते.

आता एक कबुली. पंचवीसेक वर्षांपूर्वी दुसऱ्या तालुक्यात असताना अशाच रानातली माती मी नेहमीच्या माती परीक्षणासारखी सावलीत वाळवून पाठवायला सांगितली. अहवाल आला, सूत्रकृमी नाहीत. असणार कसे? तिथे माती जाळीवरच्या कापडावर पसरून खाली पाणी ठेवतात. जिवंत किडा वळवळत पाण्यात उतरतो, मेलेला वरच राहतो. त्या अहवालाच्या भरवशावर त्या गृहस्थांनी चार भावबंदांना मुळांसकट ठोंब वाटले. पुढच्या दोन हंगामांत त्यांतल्या दोघांच्या रानांत तीच ठिगळे उमटली. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, त्याचेच जास्त वाटते.

म्हणून ताईंना नीट सांगितले. ठिगळाच्या कडेला, जिथे गवत आजारी आहे पण मेलेले नाही, तिथली पाच-सहा जागांची माती घ्या. वरची कोरडी माती बाजूला सारून वीतभर खोलीवरची, मुळांजवळची. एकत्र करून पावशेर माती आणि मूठभर बारीक मुळे प्लॅस्टिकच्या पिशवीत, ओली असतानाच बांधा. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा. शाई ओल्याने फुटते. चांगल्या गवताखालची दुसरी पिशवी वेगळी करा, म्हणजे तुलना होते. पिशवी उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवायची नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठात सूत्रकृमींचे काम चालते, तिथे लवकर पोचवा.

फवारणीचे ताईंनी विचारलेच. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून पेनिसिलिन बनू लागले, पुढे पिकांसाठी स्ट्रेप्टोसायक्लिनही आले, आणि आमच्याकडे पान पिवळे पडले की पुडी फोडायची सवय लागली. ते औषध जिवाणूंवरचे. मुळातल्या किड्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

निघताना बांधावर ठोंबांचा ढीग दिसला. भामा नदीकाठी जावेचे रान आहे, तिच्यासाठी काढून ठेवलेले. संध्याकाळी टेम्पो येणार होता. मी म्हटले, "हे नका पाठवू. चांगल्या पट्ट्यातल्या तीन महिन्यांच्या जून ताटाच्या दोन-दोन डोळ्यांच्या कांड्या तोडा, जमिनीला न टेकवता. हा किडा मुळात आणि मातीत असतो, वरच्या कांडीत नाही."

ताई क्षणभर ढिगाकडे बघत राहिल्या. दोन दिवसांची मेहनत होती ती. मग त्यांनी टेम्पोवाल्याला फोन लावला, परवा ये म्हणाल्या, आणि कोयता बादलीत धुवायला घेतला.