दुनियादारी वाचली, पण...

सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'चे नाव फार ऐकले होते. २०१३ साली तिच्यावर चित्रपटही आला. म्हणून आम्ही ती मोठ्या हौसेने वाचायला घेतली. पुस्तक हातातून सुटत नाही, हे खरेच; पण मिटल्यावर मन खट्टू झाले. पुण्यातला कट्टा, मारामाऱ्या, प्रेम सगळे आहे. अभ्यासाची आणि घरून येणाऱ्या पैशाची काळजी मात्र फारशी दिसत नाही. बऱ्हाणपूरची आपली मुले बारावीनंतर इंदूरला, पुण्याला जातात तेव्हा हीच काळजी सोबत नेतात. ती आम्हाला भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'त (१९६३) भेटली. त्यातला पांडुरंग सांगवीकरही आपल्या शेजारच्या खानदेशातूनच पुण्याला गेलेला. घर सोडण्यापूर्वी मुलांनी दोन्ही पुस्तके वाचावीत, आणि पालकांनीही.