फिरत्या बिऱ्हाडाची दैनंदिनी : ग्वाहोमीचा वाडा

शुक्रवार

सॅन डिएगो शहराच्या उत्तरेस, ओशनसाइड आणि व्हिस्टा या गावांच्या सीमेजवळ काउंटी सरकारने राखलेल्या ग्वाहोमी उद्यानात तिसऱ्या प्रहरी आमच्या आरव्हीचा मुक्काम पडला. चौकीवर नोंद झाली, गाडी समपातळीत आणून चाकांना अडण्या लावल्या, वीज व पाणी जोडून घेतले, आणि दिवेलागणीपूर्वी चुलीवर भात चढला.

शनिवार

उद्यानाजवळच, काउंटीच्याच जमिनीवर, १९७६ साली स्थापन झालेले जुन्या कृषियंत्रांचे संग्रहालय आहे. येथील यंत्रे केवळ मांडून ठेवलेली नसून ऑक्टोबरातील प्रदर्शनात ती प्रत्यक्ष चालतात, हा त्याचा मोठा गुण. मळणीयंत्रापासून बऱ्याच अंतरावर वाफेचे इंजिन उभे होते; धुराड्यातून उडणारी ठिणगी पेंढ्यावर पडू नये म्हणून हे अंतर राखावे लागते, आणि इंजिनाच्या चाकावरून निघालेला लांबलचक पट्टा मध्ये एक पीळ देऊन मळणीयंत्रावर चढवितात, म्हणजे तो फडफडत नाही आणि निसटतही नाही. कोळशाने काळवंडलेले वृद्ध स्वयंसेवक हे सर्व तरुण मुलांना हाती धरून शिकवीत होते. ज्ञान पुढील पिढीच्या हाती सोपविण्याची ही निष्ठा मला अत्यंत आदरणीय वाटली.

रविवार

आज संग्रहालयाच्याच रस्त्यावरील ग्वाहोमीचा वाडा पाहिला, आणि सारा दिवस तेथेच गेला. मेक्सिकोच्या अमलात गव्हर्नर पिओ पिको याने १८४५ साली येथील २,२१९ एकरांची सनद करून दिली, ती आंद्रेस आणि होसे मान्वेल या लुइसेन्यो इंडियन बंधूंच्या नावे. ज्यांची ही पूर्वापार भूमी, त्यांनाच ती परक्या सरकारच्या शिक्क्याने मिळावी, हे विलक्षण खरे. परंतु तीही त्यांच्याकडे फार वर्षे टिकली नाही. एबल स्टर्न्स या धनाढ्य व्यापाऱ्याकडे मालकी गेली, आणि १८५१ साली आपली मेहुणी इसिडोरा बांदिनी हिचा विवाह अमेरिकन लष्करातील अधिकारी केव्ह कौट्स याच्याशी झाला तेव्हा त्याने ही सारी जमीन तिला आंदण दिली. पुढील दोन वर्षांत वाडा उभा राहिला. माती तुडवून, तीत गवताचा कुटा मिसळून, उन्हात वाळविलेल्या कच्च्या विटांच्या जाड भिंती इंडियन मजुरांच्या हातांनी उभ्या राहिल्या. चौकाभोवतीची ओसरी आणि तिच्यावर उघडणाऱ्या खोल्या पाहताना आमच्या देशावरील मातीचा चौसोपी वाडाच पुढे उभा राहिला. इंडियनांवरील अन्यायाची दाद मागण्यासाठी १८८४ साली ‘रामोना’ ही कादंबरी प्रसिद्ध करणाऱ्या हेलन हंट जॅक्सन याच घरी पाहुण्या म्हणून राहून गेल्या होत्या.

कौट्स घराण्याची संपत्ती व आदरातिथ्य यांचे स्मरण या भिंतींआड सहज होते. माझ्या मते मात्र या वास्तूच्या इतिहासाचा आरंभ कौट्सपासून नव्हे, त्या दोन बंधूंपासून व्हावयास हवा. कारण जमीन त्यांची होती आणि भिंतींतील श्रमही त्यांच्याच समाजाचे होते. सॅन डिएगोस मुलाबाळांकडे येणाऱ्या वाचकांनी समुद्रकिनारा पाहून झाल्यावर एक दिवस ग्वाहोमीसाठी अवश्य काढावा, आणि वाड्यात शिरताच मार्गदर्शकास प्रथम आंद्रेस आणि होसे मान्वेल यांच्याविषयी विचारावे.